पुण्यातलं मुलांचं ‘वेट क्लिनिक’ : डॉक्टर घ्या, पॅकेज सोडा

आधीच सांगून टाकते, क्लिनिकचं नाव लिहिणार नाही. मला बरं-वाईट दोन्ही लिहायचंय, आणि नाव घातलं की वाचणारे मूळ विषय सोडून बाजू घेऊन भांडत बसतात. पुण्याच्या दक्षिण भागात, आमच्या सहकारनगरहून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावर आहे, एवढं पुरे. मुलांच्या वाढत्या वजनासाठी म्हणून जी खास क्लिनिकं हल्ली निघाली आहेत त्यांतलं एक. बालरोगतज्ज्ञ आणि वर हार्मोन्सचं वेगळं शिक्षण घेतलेले डॉक्टर, दोन आहारतज्ज्ञ मुली, व्यायामाचे एक सर, काउंटरवर दोघीजणी आणि काउंटरच्या मागे फळीवर विकायला ठेवलेले डबे. त्या डब्यांकडे नंतर येते.

माझी सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर झाली. रांग, पावती आणि वजनकाटा या तीन बाबतींत मला सहसा कुणी गंडवत नाही, म्हणून हे लिहायचं काम घरच्यांनी माझ्यावर टाकलं. नातू दहा वर्षांचा, पाचवीत. त्याचे आईवडील एक हिंजवडीत, एक खराडीत, म्हणजे पुण्याच्या दोन टोकांना. दवाखान्यात न्यायचं ते मीच.

गेलो कशासाठी तेही सांगते, कारण पुष्कळ घरांत हेच चाललेलं असेल. पोराच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा आला होता, जाडसर, हाताला जरा मऊ लागणारा. सूनबाईंना वाटलं मळ आहे, अंघोळ धड करत नाही. मग डाळीचं पीठ झालं, लिंबाची फोड झाली, शेवटी घासणी. पोरगं ओरडतंय, मान लाल होतेय आणि काळेपणा जिथल्या तिथे. नेहमीच्या डॉक्टरांकडे खोकल्यासाठी नेलं तेव्हा त्यांनी खोकला बाजूला ठेवून मानच न्याहाळली, मग बगला बघितल्या आणि म्हणाले, “हा मळ नाही, घासू नका.” शरीरातलं इन्शुलिन आपलं काम नीट करेनासं झालं की शरीर ते आणखी आणखी तयार करतं, आणि वाढलेल्या इन्शुलिनने कातडी अशी जाड आणि काळी होते. त्यांनी कागदावर नाव लिहून दिलं, अकँथोसिस नायग्रिकन्स. सूनबाईंनी घरी येऊन फोनवर शोधलं आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

तर क्लिनिक. बसायची जागा विचार करून केलेली आहे. खुर्च्यांना हात नाहीत. एरवी माझ्याही लक्षात आलं नसतं, पण एक कॉलेजला जाणारा चांगला भरभक्कम मुलगा आला, बिचकत खुर्चीकडे बघितलं, आणि मग सैल होऊन बसला, तेव्हा कळलं की हे मुद्दाम केलंय. टीव्ही आहे पण बंद. भिंतीवर एक तक्ता लावलाय: भारतात पाच ते एकोणीस वयातली लठ्ठ मुलं १९९० मध्ये सुमारे चार लाख, २०२२ मध्ये सव्वा कोटी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली आलेले आकडे. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, “एखादं शून्य जास्त पडलं असेल हो.” नाही पडलेलं. २०२५च्या दिवाळीआधी त्याच्याशेजारी युनिसेफच्या अहवालाचं कात्रण लागलं. जगात शाळकरी वयाची लठ्ठ मुलं आता कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झाली, ९.४ टक्के विरुद्ध ९.२, आणि असं पहिल्यांदाच झालंय. आपल्या दक्षिण आशियात मात्र अजून तसं नाही, इथे कमी वजनाचीच जास्त. एकाच महाराष्ट्रात मेळघाटही आहे आणि आमची सोसायटीही आहे, हे त्या कात्रणाखाली कुणी लिहिलेलं नव्हतं, मी आपलं मनात लिहिलं.

वेळेच्या बाबतीत गुण कापणार. अकराची वेळ म्हणजे सव्वाबारा धरा. फोन करून विचारलं तर “या तुम्ही, लगेच होईल” असंच उत्तर मिळतं. पोस्टात आम्ही असं बोललो असतो तर लोकांनी काउंटरची काच फोडली असती.

आता काटा. इथे मात्र मी मनापासून खूश झाले. आमच्याकडे वीस ग्रॅमच्या पाकिटात एक ग्रॅम जास्त भरला तर पुढच्या वीस ग्रॅमांचं तिकीट लावावं लागतं, त्यामुळे काटा शून्यावर आहे की नाही हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी वाकून बघायला लागले तर सिस्टर हसल्या आणि शेजारी खिळ्याला टांगलेली वही दाखवली. रोज सकाळी पाच किलोचं वजन ठेवून काटा तपासायचा, तारीख घालून सही करायची. एकही दिवस कोरा नव्हता. मग नातवाचे बूट काढले, पट्टा काढला, खिसे रिकामे करायला सांगितले. खिशातून एक छोटी गाडी, शार्पनर आणि चॉकलेटचे दोन कागद निघाले. सिस्टरनी कागदांकडे बघितलं नाही असं दाखवलं आणि सगळं एका ट्रेमध्ये ठेवलं. काट्याचा आकडा त्यांच्या बाजूला दिसतो, मुलाच्या बाजूला नाही. मोठ्याने म्हणायचा नाही, वहीत लिहायचा आणि पडद्याआडच वही मिटायची.

उंचीचंही तसंच. भिंतीत पक्की बसवलेली पट्टी, टाचा, पाठ, डोकं तिला टेकलेलं, नजर समोर, वरून सरकती फळी. दोनदा मोजली. पहिल्यांदा १४३.१, दुसऱ्यांदा १४२.९, मग तिसऱ्यांदा मोजून १४३ लिहिली. मी हे एवढं का सांगतेय, तर याच्या आधी सोसायटीतल्या एका ‘वेलनेस’वाल्या बाईंनी पोराला बुटांसकट काट्यावर उभं केलं होतं, उंची “किती असेल, साडेचार फूट?” म्हणून अंदाजाने टाकली होती आणि त्यावरून महिन्याचे शेक विकायला निघाल्या होत्या. उंचीत चार-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे झाले की मुलाचा सगळा हिशोब बदलतो, कारण उंचीचा वर्ग करून त्याने वजनाला भागायचं असतं. शेवटी कंबर, न ताणणाऱ्या टेपने: ७४. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नये, असा साधा नियम सिस्टरनी सांगितला. हा नियम घरी दोरीनेही तपासता येतो. मुलाच्या उंचीएवढी दोरी घ्या, दुमडून निम्मी करा, कंबरेभोवती घाला. टोकं मिळाली नाहीत तर डॉक्टरकडे जा. मी घरी सगळ्यांवर करून बघितलं. आमच्या ह्यांनी त्या दिवसापासून दोरीचं नाव काढू दिलेलं नाही.

वजन ४८ किलो, म्हणजे बीएमआय (तोच वजन-उंचीचा भागाकार) साडेतेवीस. मोठ्या माणसाला हा आकडा थोडाच वर, पण दहा वर्षांच्या मुलाला तो फार होतो. मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे तक्त्यावर बघायचा असतो, आणि डॉक्टरांनी तो तक्ता समोर ठेवून दाखवला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा, २०१५ सालचा. पुण्याचेच डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांचे सहकारी यांनी देशातल्या मुलांच्या मोजमापांवरून तो केला. त्यावर ठिपक्यांच्या दोन रेघा आहेत. एक मोठेपणीच्या २३ला जुळणारी, ती ओलांडली की वजन जास्त, दुसरी २७ला जुळणारी, ती ओलांडली की लठ्ठपणा. आमचा ठिपका दुसऱ्या रेघेच्या वर पडला. डॉक्टरांनी ‘लठ्ठ’ हा शब्द मुलासमोर उच्चारला नाही, पेन रेघेवर ठेवून माझ्याकडे बघितलं फक्त.

डॉक्टरांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण पैसे द्यायचे असतील तर यांच्यासाठी द्या. पन्नाशीचे, हळू बोलणारे. पहिला प्रश्न सूनबाईंनीच केला (पहिल्या वेळी त्या रजा काढून आल्या होत्या), “थायरॉइड असेल का?” मला वाटतं तिथे येणारी प्रत्येक आई हेच विचारत असणार, आणि मनातून तेच निघावं अशी तिची इच्छाही असणार. गोळी सुरू केली की सुटलो! डॉक्टर म्हणाले, “बाई, थायरॉइडमुळे किंवा हार्मोनच्या दुसऱ्या आजाराने वजन वाढलं तर मुलाची उंची बहुतेक वेळा खुंटते. हा तर वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्यांतला आहे. खाण्याने वाढलेली मुलं या वयात उंचही असतात.” तरी चाचणी लिहिली, तुमच्या समाधानासाठी म्हणून. थायरॉइड व्यवस्थित निघालं.

मग ब्लडप्रेशर. दंडाला पट्टा बांधला, बघितला, काढला, मोठा पट्टा आणायला सांगितला. लहान पट्टा जाड दंडाला बांधला तर प्रेशर उगाच जास्त दाखवतं. दहा वर्षांच्या मुलाचं बीपी घ्यायचं असतं हेच आम्हाला नवीन होतं, तर पट्ट्याचं माप कुठून माहीत असणार. घोरतो का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का, सकाळी डोकं दुखतं का, वर्गात पेंगतो का. गुडघे दुखतात का, चालताना कमरेत कळ येते का. शाळेत काय म्हणतात तुला? या प्रश्नाला नातू गप्प बसला. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही हेच मला आवडलं. बाहेर आल्यावर पोरगं पहिल्यांदा म्हणालं, “परत यायचंय ना इथे?”

रक्ताच्या चाचण्या उपाशीपोटी. साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, लिव्हरचं एसजीपीटी. एचबीएवनसी ५.८, म्हणजे मधुमेह नाही पण नॉर्मलची सीमा ओलांडलेली. एसजीपीटी ५८, म्हणजे वाढलेलं, आणि सोनोग्राफीत लिव्हरला चरबी. आमचे हे रिपोर्ट हातात धरून म्हणाले, “अरे, फॅटी लिव्हर पिणाऱ्यांना होतं ना?” गुत्त्याची पायरी न चढता, नुसत्या साखरेवर आणि मैद्यावर लहान मुलांना हे होतंय, आणि ते दुखत नाही, खुपत नाही, शोधल्याशिवाय कळत नाही. बाकीचं डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. लठ्ठ मुलांतली बहुतेक पुढे लठ्ठच राहतात, मधुमेह आणि बीपी जे आपल्याला पन्नाशीत भेटलं ते त्यांना विशीत-तिशीत गाठतं, मुलींना पाळी लवकर येते आणि पुढे पीसीओएसचा, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास.

मला सगळ्यात जास्त अडकवलं ते वेगळ्याच प्रश्नाने. “जन्माचं वजन किती होतं?” दोन किलो चारशे. हो, कमीच. आणि म्हणूनच तर पहिल्या दोन वर्षांत घरादाराने त्याला भरवलं. डॉक्टर म्हणाले, आपल्याकडची बाळं जन्मतः लहान असतात, पण चरबीने लहान नसतात. हे शोधलं पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा त्यांनी पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट-अवयव लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकलेली. अशा बाळाला पुढे भराभर वाढवलं की वाढते ती चरबी जास्त. “त्यात कुणाचा दोष नाही आजी, त्या वेळी सगळेच डॉक्टर वजन वाढवा म्हणत होते.” शिवाय पोरगं २०२०ला पाच वर्षांचं, म्हणजे पहिलीची शाळा त्याने टॅबसमोर, मांडीवर वाटी घेऊन केली. कोविडच्या त्या दोन वर्षांतले कपड्यांचे माप बघितले तर रिपोर्टची गरजच नाही.

उपाय काय दिला? “वजन उतरवायचं नाही. आहे तिथे थांबवा. उंची वाढतेय, ती आपलं काम करेल.” हे ऐकून माझ्या जिवात जीव आला, कारण मला वाटलं होतं आता उपाशी ठेवतात की काय. औषधाच्या चिठ्ठीवर, जिथे गोळ्यांची नावं लिहितात तिथे, लिहिलं: रोज ६० मिनिटं खेळ, घाम येईपर्यंत. झोप नऊ तास. जेवताना पडदा नाही, मोठ्यांनाही नाही. तहानेला पाणी. या शेवटच्याखाली दोन रेघा मारल्या. ३०० मिलीच्या कोलाच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. चहात कुणी सहा चमचे साखर घातली तर आपण हात धरू.

त्याच दिवशी बाहेर एक वडील डॉक्टरांना दारातच गाठून विचारत होते, ते वजन उतरवायचं नवीन इंजेक्शन द्या. २०२५च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आली, तेव्हापासून रोज कुणीतरी विचारतं म्हणे. मुलगी असेल नऊ वर्षांची. डॉक्टरांनी एका वाक्यात विषय संपवला, “या वयाला नाही, आणि माझ्याकडे नाही.”

इथपर्यंत सगळं चांगलं. आता काउंटर.

पहिल्या भेटीचे १२०० रुपये, पुढच्या प्रत्येक भेटीचे ७००. पावती मागितल्यावर मिळते, न मागता मिळत नाही. पावतीसोबत सहा महिन्यांच्या पॅकेजचा रंगीत कागद पुढे आला: १८ हजार. त्यात आहारतज्ज्ञ, ॲप, ‘ॲक्टिव्हिटी झोन’, दर महिन्याला चरबी मोजायच्या यंत्रावर उभं राहणं. डॉक्टर त्यात धरलेले नाहीत, ते वेगळे! डॉक्टरांनी पॅकेजचा शब्दही काढला नव्हता, हे लक्षात ठेवा. चिरंजीवांनी ऑनलाइन पैसे भरून मोकळं केलं, त्यांना वाटतं महाग ते चांगलं.

ॲक्टिव्हिटी झोन म्हणजे गाद्या अंथरलेली खोली आणि चारी बाजूंनी आरसे. ज्या मुलांना स्वतःकडे बघायची लाज वाटते त्यांच्यासाठी आरसे कुणाच्या डोक्यातून निघाले असतील? नातू तिथे भिंतीला चिकटून हातवारे केल्यासारखं करायचा. व्यायामाचे सर उत्साही आहेत, पण ‘कमॉन’ म्हणून ओरडलं की मूल हलतं अशी त्यांची समजूत आहे. आम्ही ते सोडलं. आता तो संध्याकाळी सोसायटीच्या आवारात सायकल आणि बॅडमिंटन, आणि रविवारी आमच्या ह्यांच्याबरोबर तळजाई. तळजाईत एकच धोका, टेकडी उतरली की खाली गाड्या उभ्याच असतात. आजोबांना तिथे इडली खायची असते. तीन इडल्यांवरून आजोबा-नातवात करार झालाय, अटी मला सांगत नाहीत.

व्हॉट्सॲप ग्रुप तर तक्रारीचा विषय. दर सोमवारी ‘स्टार ऑफ द वीक’, मुलाचं नाव, फोटो आणि किती ग्रॅम कमी. पडद्याआड वही मिटणाऱ्या त्या सिस्टरच्या कष्टांवर हे पाणी. मी लिहून विचारलं की ही मुलाची खासगी माहिती तुम्ही पन्नास घरांत का वाटता. उत्तर म्हणून हात जोडलेलं चित्र आलं. आम्ही ग्रुप सोडला. दोन आया मला वेगळा फोन करून म्हणाल्या, बरं झालं बोललात.

आहाराचा कागद पहिल्या आहारतज्ज्ञ मुलीने दिला तो छापील. सकाळी ओट्स, अकराला ॲव्होकॅडो टोस्ट, दुपारी किन्वा, संध्याकाळी ग्रीक योगर्ट, सातला ब्रोकोलीचं सूप. सातला आमच्या घरात मी, आमचे हे आणि टीव्ही, बाकी कुणी नसतं. ॲव्होकॅडोचा भाव विचारून मंडईतून परत आले. दुसरी आहारतज्ज्ञ वयाने लहान, बहुतेक सांगली-मिरजेकडची असावी बोलण्यावरून. तिने कागद बाजूला ठेवून विचारलं, “आजी, तेलाचा डबा किती लिटरचा आणि किती दिवस पुरतो?” पाच लिटरचा, महिना. माणसं पाच. तिने हिशोब मांडला: माणशी महिन्याला एक लिटर, दिवसाला सहा-सात चमचे. “मुलाचं वेगळं काही करू नका. हाच डबा चाळीस दिवस पुरवा.” बाई, हे मला समजतं! दिलेला माल किती दिवस पुरवायचा हा तर माझा आयुष्यभराचा धंदा. भाजीच्या फोडणीची पळी बदलली, पुऱ्या सणाला, थालीपीठ तव्यावर झाकून. चारला शाळेतून आल्यावर पोराला जी सणसणीत भूक लागते त्या वेळी मुगाची उसळ किंवा अर्धी भाकरी-चटणी आणि ताक. पूर्वी चारला मी पोहे करायचे, पण त्यावर ते दहा मिनिटांत दारात येणारं चिप्सचं पाकीट असायचं, ते सूनबाईंच्या फोनवरून यायचं. डॉक्टरांसमोर त्यावरून आमची जुंपली होती. त्यांनी पोहे निम्मे केले आणि पाकीट बंद केलं. दोघींना सारखी शिक्षा.

आता डबा. मुलांच्या लठ्ठपणाच्या क्लिनिकमध्ये, काउंटरच्या मागे, चॉकलेटच्या चवीची ‘वाढीसाठी पोषक’ पावडर विकायला आहे. डब्यावर उडी मारणारं मूल. काउंटरवरच्या मुलीने बिल करताना सहज विचारलं, “काकू, पावडर देऊ? दुधातून दोन चमचे.” मी चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. घटकांच्या यादीत दुसऱ्या नंबरला साखर, चौथ्याला माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेसारखीच झटपट पचणारी पिठूळ पूड, आणि यादी वजनाच्या क्रमाने लिहायची असते. मी तिला डबा परत देऊन विचारलं, “डॉक्टरांनी हे वाचलंय का?” तिला माहीत नव्हतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं तर ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “ते व्यवस्थापन बघतं.” एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की बोर्नव्हिटासकट असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात दाखवू नका, कारण कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकारच नाही. दुकानांनी सदर बदललं. इथे फळी तशीच. शेवटच्या भेटीपर्यंत डबे होते.

शाळेचंही दोन ओळींत सांगते, कारण डॉक्टर एकटे काय करणार. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या सगळ्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कुठल्या पदार्थात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. त्याच परिपत्रकात आहे की चार ते दहा वयातल्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के साखरेतून येतात, असायला हवेत जास्तीत जास्त ५. नातवाच्या शाळेत बोर्ड लागलाय, ऑफिससमोर, छान रंगवलेला. केंद्राच्या २०२०च्या अन्नसुरक्षा नियमांत असंही आहे की जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. गेटसमोरचा टपरीवाला पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लावून रस्त्याच्या पलीकडे बसतो, आणि रस्ता काही ५० मीटर रुंद नाही.

फरक पडला का? पडला. आता उंची १४६.५ सेंटिमीटर, वजन ४८ किलो ६००, कंबर ७२. वजन जवळपास तेवढंच, पण ठिपका रेघेकडे सरकला. एसजीपीटी ३९, एचबीएवनसी ५.६. मानेचा पट्टा फिका झालाय, गेलेला नाही. डॉक्टर म्हणाले तो सगळ्यात शेवटी जातो. यातलं किती पॅकेजमुळे? माझ्या मते त्या तेलवाल्या मुलीचं अर्ध्या तासाचं बोलणं सोडलं तर काहीही नाही, आणि तिने तर ते पॅकेजच्या कागदाबाहेर जाऊन केलं. चिरंजीवांचं मत वेगळं आहे, पण पैसे त्यांनी भरलेत, त्यांना तसं वाटणारच.

डॉक्टर आणि सिस्टर पाचपैकी पाच. वेळ पाळण्याला दोन. आरशांच्या खोलीला आणि ग्रुपला शून्य. डब्यांच्या फळीला गुण द्यायचे कुठून? आहारतज्ज्ञांत कुणाकडे नंबर लागतो यावर आहे, धाकटी मंगळवारी आणि गुरुवारी असते, तिच्याचकडे द्या म्हणून आग्रहाने सांगा.

जाताना बाळपणीचं लसीचं पुस्तक न्या, जन्माचं वजन त्यात असतं आणि ते विचारतात. आधीचे रिपोर्ट असतील तर तेही, नाहीतर सगळ्या चाचण्या पुन्हा लिहून देतात. रक्त देणार असाल तर सकाळी पहिली वेळ मागा, उपाशी पोराला घेऊन सव्वाबारापर्यंत बसणं सोपं नाही. शनिवार टाळा. काउंटरवर पॅकेजचा कागद पुढे आला तर तो बाजूला सरकवून ‘फक्त डॉक्टर’ म्हणा. दोनदा म्हणावं लागतं, पण देतात.